तळाच्या माशाचं ताट

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीचं रेकॉर्डिंग तुम्ही ऐकलंत. त्यात मागे सारखा बुडबुड आवाज येत होता. तो कसला, असं विचारणारे बरेच निरोप केंद्रावर आले. कुणाला वाटलं भाताला उकळी आलीय, कुणाला वाटलं हंडा भरतोय. तो आमच्या फिश टँकच्या पंपाचा आवाज. आता विचारलंच आहे तर आज त्या टाकीबद्दल बोलू, आणि त्यातही तिच्या तळाला राहणाऱ्या बोटभर माशांबद्दल. कारण वरचे मासे आमच्याकडे सहज जगले. हाल झाले ते खालच्यांचे, आणि ते आमच्याच हातून झाले.

आमच्या गटातल्या एका ताईंचे भाऊ पुण्यातलं घर बदलत होते. त्यांनी दोन फुटी काचेची टाकी स्टँडसकट आम्हाला देऊन टाकली. बैठकीला येणाऱ्या बायकांची पोरं जरा एका जागी बसतील, एवढाच आमचा विचार. गटाच्या किरकोळ खर्चातून हजार रुपये काढले आणि शहरातल्या एका दुकानातून लाल-निळी खडी, काही गप्पी मासे, मिशा असलेले चार छोटे मासे आणि एक काळा सकर आणला. दुकानदार म्हणाले, "हे खालचे पाच म्हणजे तुमचे सफाई कामगार. वरच्यांचं उरलेलं खातात, घाण खातात. यांना वेगळं काही घालू नका."

आम्हाला ते फार सोयीचं वाटलं. तीन आठवड्यांत मिशीवाले चारही मेले. शेवटचा हातात घेऊन पाहिला तर पोट खपाटीला गेलेलं आणि मिशांचे नुसते खुंट राहिलेले. रोज टाकीसमोर बसून आम्ही हिशेब लिहीत होतो, आणि ते समोर उपाशी मरत होते. "पैसे पाण्यात गेले म्हणतात ते असे," थोरल्या काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या, पण टाकी विकून टाकायची असं जवळजवळ ठरलंच होतं. शेवटी तडजोड झाली. आणखी एकदाच करून बघायचं, माहिती काढून करायचं, आणि सहा महिने जगले तरच पुढचा पैसा काढायचा.

तर आधी हा मासा कोण ते सांगतो. दुकानात त्याला कोरी म्हणतात, पूर्ण नाव कोरीडोरस. ग्रीक भाषेतल्या शिरस्त्राण आणि कातडी या शब्दांवरून हे नाव पडलंय, कारण याला खवले नसतात. त्यांच्या जागी दोन्ही बाजूंनी हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात, चिलखतासारख्या. मूळ दक्षिण अमेरिकेतला. आपल्या मांगूर आणि शिंगट्याच्या मोठ्या गोतावळ्यातला, म्हणजे मिशीवाल्यांतला, पण वाढून वाढून दोन-अडीच इंच. दुकानात दोन जाती हमखास दिसतात. एक पितळी रंगाचा, त्याचाच पांढरा, लाल डोळ्यांचा प्रकारही मिळतो. दुसरा राखाडी, काळ्या ठिपक्यांचा. हा ठिपकेवाला चार्ल्स डार्विन यांच्या बीगल जहाजावरच्या सफरीत गोळा झालेल्या माशांत होता, १८४२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. नीट ठेवला तर कोरी पाच वर्षं सहज जगतो, त्याहून जास्तही. आमचे चार तीन आठवडे जगले होते.

आता खाण्याचं. कोरी घाण खात नाही. दुसऱ्या माशांची विष्ठा खात नाही, काचेवरचं हिरवं शेवाळही खात नाही. नदीत तो वाळूत तोंड खुपसून किड्यांच्या अळ्या, बारीक जंत असलं काही शोधून खातो. मिशा त्यासाठीच असतात. अंधारात, गढूळ पाण्यात तो मिशांनी चव घेत फिरतो. तो सारखा तळ हुंगत असतो, म्हणून माणसाला वाटतं हा झाडतोय. खरं तर तो जेवण शोधत असतो, आणि वरून टाकलेलं तरंगतं खाणं गप्पींनी आधीच फस्त केलेलं असतं. सगळ्यांचं झाल्यावर टोपात उरेल त्यावर भागवायचं, हे आपल्यापैकी कितीजणींना नवीन आहे? एवढं माहीत असून आम्ही त्या माशाला तेच दिलं, याची अजून लाज वाटते.

याच्यासाठी बुडणारं खाणं मिळतं, लहान गोळ्या किंवा चकत्या. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. दुकानात नुसतं "माशांचं खाणं द्या" म्हटलं की तरंगणारं देतात, तेव्हा बुडणारं असं स्पष्ट मागायचं. घरी ग्लासात एक दाणा टाकून बघा, मिनिटभरात तळाला गेला पाहिजे. आम्ही संध्याकाळी टाकीचा दिवा बंद करतो, पंधरा-वीस मिनिटं थांबतो आणि मग तळाच्या माशांना घालतो. तोवर गप्पी वर सुस्तावलेले असतात. सहा कोरींना तीन-चार लहान गोळ्या पुरतात. तासाभरानं बॅटरी लावून बघायचं. उरलं असेल तर काढायचं आणि उद्या कमी घालायचं. कुजलेलं अन्न हेच टाकीतलं सगळ्यात मोठं विष. आठवड्यातून एकदा गोठवलेले लाल जंत मिळाले तर त्या दिवशी त्यांची दिवाळी. डासांच्या अळ्याही आवडीनं खातात, पण त्यासाठी घरात पाणी साठवून डास वाढवू नका. कोरडा दिवस पाळताना बॅरलमध्ये सापडल्या तर तेवढ्याच गाळून आणा.

पोट बघायची सवय लावा. समोरून पाहिलं तर खालची बाजू किंचित गोलसर हवी. आपल्याकडे विकले जाणारे पुष्कळ मासे चेन्नईच्या कोळत्तूर भागातून किंवा कोलकात्याच्या बाजूनं प्लास्टिकच्या पिशवीत प्रवास करून येतात. वाटेत त्यांना खायला देत नाहीत, कारण विष्ठेनं पिशवीतलं पाणी नासतं. म्हणून दुकानात आल्या आल्या घेऊ नका. आठवडाभर तिथे खाऊन-पिऊन तरतरीत झालेला, मिशा शाबूत असलेला मासा घ्या. आणल्यावर पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, मग टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घालत जायचं, आणि मासा तेवढा आत सोडायचा. पिशवीतलं पाणी बाहेर फेकायचं.

पकडताना जाळी नको. याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचा पहिला काटा टणक असतो. घाबरला की ते काटे ताठ उभे करून अडकवून ठेवतो, आणि जाळीत गुंतला की सोडवताना पर फाटतात. शिंगट्याचा काटा लागलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको, याचाही टोचला तर चांगलाच झोंबतो. प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट अलगद घ्यायचा.

मिशा का झिजल्या होत्या? एक कारण ती रंगीत खडी. कडा धारदार, आणि फटीत अडकलेलं अन्न तिथेच सडायचं. कोरी तोंडात वाळू घेतो, खाण्याचा कण ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. खडीवर हे त्याला करताच येत नाही. आम्ही खडी काढून बारीक, गोलसर वाळू आणली. आधी पिठाच्या नाही, रव्याच्या चाळणीतून काढली, मग पाणी नितळ होईपर्यंत धुतली. हाताच्या मागच्या बाजूला चोळून बघायची, ओरखडा उठला तर ती वाळू नको. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळायचं. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, ती हळूहळू पाण्यात उतरते आणि आधीच जड असलेलं बोअरचं पाणी आणखी जड होतं. वाळूचा थर इंच-दीड इंच पुरे. पहिल्या रात्री नव्या कोरींनी त्या वाळूत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसलं, तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणी घरी जायचं विसरल्या.

एकटा कोरी घेऊ नका, दोन-चारही नको. हे कळपातले जीव. एकाच जातीचे सहा तरी हवेत, नाहीतर दगडाआड दबून बसतात आणि खायलाही बाहेर येत नाहीत. सहा जणांना दोन फूट लांबीची टाकी लागते. उंची कमी असली तरी चालेल, तळ ऐसपैस हवा. पाणी किती मावतं ते असं काढा: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणायची आणि हजारानं भागायचं. साठ गुणिले तीस गुणिले तीस, म्हणजे चोपन्न लिटर. म्हणजेच चोपन्न किलो, वर काचेचं आणि वाळूचं वजन. प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवायची वस्तू नाही ती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. आमची पहिली चूक इथेच होती. सकाळी टाकी धुतली, नळाचं पाणी भरलं आणि दुपारी मासे सोडले.

दह्याचं उदाहरण घेऊ. नुसतं दूध भांड्यात ठेवलं तर दही लागत नाही, विरजण लागतं. टाकीचंही तसंच. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून अमोनिया पाण्यात उतरतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते थोड्या प्रमाणात माशाला सोसतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे न सोडता फिल्टर चालू ठेवायचा आणि रोज माशांच्या खाण्याची चिमूट टाकत राहायची, म्हणजे जिवाणूंना खुराक मिळतो. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा, ते झालं विरजण. काम लवकर होतं. थेंब टाकून रंग बघायच्या चाचणी-पेट्या मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवायला लागले की मासे आणायचे. बोअरच्या क्षारट पाण्यात अमोनिया जास्त घातक ठरतो, म्हणून आपल्या भागात इथे घाई अजिबात नको.

आणि तो स्पंज नळाखाली धुऊ नका. गावच्या टाकीत टीसीएल पावडर पडते ती जंतू मारायलाच, ती चांगले-वाईट बघत नाही. आठवड्याला पाव टाकी पाणी पाइपानं ओढून काढायचं, त्याच बादलीत स्पंज दोनदा पिळायचा. उरलेलं पाणी परसातल्या वांग्या-मिरचीला घाला, झाडं खूश होतात. भरायचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत ठेवायचं, किंवा दुकानात अँटीक्लोरीन मिळतं त्याचे सांगितलेले थेंब टाकायचे. ग्रामपंचायतीनं पावडर टाकली त्या दिवशी तर पाणी बदलूच नका. तांब्याच्या हंड्यात साठवलेलं पाणीही नको. आपल्याला ते चांगलं म्हणतात, कोरीला तांबं सोसत नाही. मासा आजारी पडला की कुणीतरी सांगतंच, मीठ टाका. यांच्या बाबतीत मूठभर मीठ टाकून मोकळं होऊ नका, आणि औषधाच्या बाटलीवर तांबं लिहिलेलं असेल तर ती दुकानातच राहू द्या. टाकीच्या खोलीत डासांचा फवारा मारायचा नाही, पंप तीच हवा पाण्यात ओढतो.

एका गोष्टीनं नव्या माणसाचा जीव घाबरा होतो. कोरी मध्येच बाणासारखा वर जातो, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतो आणि परत खाली येतो. हे नेहमीचंच आहे. तो गिळलेल्या हवेतला प्राणवायू आतड्यातून घेतो. म्हणून पाणी झाकणापर्यंत भरायचं नाही, दोन बोटं जागा सोडायची. मात्र सगळेच मिनिटामिनिटाला वर येत असतील तर पाण्यात बिघाड आहे असं समजा आणि लगेच पाव पाणी बदला.

मे महिना मात्र परीक्षाच. कोरीला बावीस ते सव्वीस अंश बरं वाटतं. ठिपकेवाला तर थंडीतला जीव, आमच्या पत्र्याच्या खोलीत तो टिकणार नाही म्हणून आम्ही पितळी घेतला. तरी पहिल्या उन्हाळ्यात पाणी एकतीसवर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून झाकण काढून वर जाळी लावली, छोटा पंखा पाण्यावरून वाहता ठेवला, दोन-तीन अंश उतरले. दुपारी बर्फाची बंद बाटली तरंगत ठेवायचो. थेट बर्फ किंवा गार पाणी ओतायचं नाही, झटका बसतो. वीज गेली की पंप थांबतो, त्यासाठी सेलवर चालणारा छोटा पंप घेतला. तो यायच्या आधी एका रात्री दोघी जणींनी आळीपाळीनं मगानं पाणी उचलून वरून सोडलं, पहाटे तीनपर्यंत. सहापैकी एक गेला, पाच राहिले.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला, आणि आम्ही टाकीत किंचित गार पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर साबुदाण्याहून बारीक अंडी चिकटलेली. मादी पोटाखालच्या परांची ओंजळ करून त्यात अंडी धरते आणि एकेका जागी चिकटवत जाते. मोठे मासे तीच अंडी खातात, हे आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून दुपारपर्यंत काही उरलं नाही. पुढच्या वेळी बोटानं अलगद सुटी करून वेगळ्या बरणीत ठेवली, चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लं निघाली. त्यातली अकरा मोठी झाली.

आता त्या काळ्या सकरचं. तो मेला नाही. सगळं पचवून तो वाढत गेला, वर्षात फूटभर झाला आणि दोन फुटी टाकीत त्याला वळताही येईना. दुकानदारानं विकताना हे सांगितलं नव्हतं की हा दीड फुटाच्या आसपास जातो. गटातल्या एका पोरानं सरळ सुचवलं, उजनीत सोडून देऊ, देवानं दिलेला जीव जगेल. तेव्हा आमच्यातल्या धरणात मासेमारी करणाऱ्या घरच्या आक्का उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही सोडा, आणि आमच्या जाळ्यात येऊ द्या." त्यांच्या घरी हा मासा आधीच येत होता. अंगावरच्या कठीण, काटेरी चिलखतानं जाळी फाटतात, सोडवताना हात सोलतात, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. हाही दक्षिण अमेरिकेतलाच. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगतो. उजनीत तो उगवला नाही, कुणीतरी अशाच हौसेच्या टाकीतून सोडलेला आहे. रोहू-कटल्यावर पोट असलेल्या घरांनी त्याची किंमत भरायची.

तर आम्ही सोडला नाही. शहरातल्या दोन दुकानांनी परत घ्यायला नकार दिला. अखेर एका रोपवाटिकेच्या बंदिस्त सिमेंटच्या हौदात त्याची सोय झाली. हौदाचं पाणी कुठल्याही ओढ्याला मिळत नाही हे आधी आक्कांनी स्वतः जाऊन बघितलं. कोरी असो की गप्पी, टाकीतला कुठलाही मासा नदीत, तळ्यात, विहिरीत सोडायचा नाही, असा ठराव गटाच्या वहीत लिहिला आहे. टाकी साफ करायला मासा हवा असं कुणी म्हणालं तर आम्ही जुन्या साडीचं फडकं आणि पाइप दाखवतो.

सहा महिन्यांची मुदत कधीच संपली. सध्या तालुक्याच्या गावातले दोन दवाखाने आणि एक शाळा यांच्या टाक्यांची देखभाल गटातल्या तिघी करतात, आठवड्याला एक फेरी. फार पैसे सुटतात असं नाही, पण गेलेले हजार रुपये वहीत परत जमा झाले, आणि ती ओळ काकूंनीच लिहिली. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत २०२० पासून शोभेच्या माशांच्या परसातल्या युनिटसाठी महिलांना मंजूर खर्चाच्या साठ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. सध्या काय चालू आहे ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. आमचं मत विचाराल तर आधी एक टाकी, तिच्या तळाच्या माशांसकट, वर्षभर जगवा आणि मग अर्ज करा.

बघायला यायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी सातनंतर या. दिवा बंद केल्यावर आम्ही त्यांना जेवायला घालतो, तेव्हा येताना बॅटरी आणा.